रंगीत लाकडी मूर्ती पुसण्याआधी

२०२० च्या त्या सॅनिटायझरच्या दिवसांत तळकोकणातल्या एका देवळातून फोन आला. उत्सवात देवाचं वाहन म्हणून मिरवला जाणारा दोन फुटी लाकडी गरुड कुणीतरी मनोभावे सॅनिटायझरने पुसला होता आणि फडकं लाल झालं होतं. "ताई, रंग उतरतोय, पण खालून पिवळा छान निघतोय. सगळंच पुसून काढू का?" मी म्हटलं, हात लावू नका, आणि ते फडकं धुऊ नका, मला हवंय.

गरुडावर लाखेचं आवरण होतं. लाख पाण्याला दाद देत नाही, पण अल्कोहोलमध्ये विरघळते. सुतार चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवूनच पॉलिश तयार करतो. सॅनिटायझर म्हणजे बव्हंशी अल्कोहोलच. पुसणाऱ्याने नकळत पॉलिशचा उलटा प्रयोग केला होता. जो पिवळा "छान निघत होता" तो झाकलेला जुना रंग नव्हता, लाल चढवण्याआधी चिताऱ्याने दिलेला हात होता.

हा लेख संवर्धन शिकायला नुकते लागलेल्यांसाठी आहे, छोट्या संग्रहालयात नोकरीला लागलेल्यांसाठी आहे आणि ज्यांच्या देवघरात किंवा देवळात अशी एखादी वस्तू आहे त्यांच्यासाठीही. सगळ्या पायऱ्या सगळ्यांनी करायच्या नाहीत. कुणी कुठे थांबायचं ते त्या त्या ठिकाणी सांगते.

रंग लाकडाला चिकटलेला नसतो

हे एक वाक्य डोक्यात बसलं की पुढचं निम्मं काम आपोआप कळतं. रंगीत लाकडी वस्तूत लाकूड तळाशी असतं. त्यावर सरस म्हणजे प्राणिज गोंद किंवा खळ, त्यावर खडूचं किंवा चुनखडीचं पांढरं अस्तर, अस्तरावर डिंकात वा सरसात कालवलेले रंग आणि सगळ्यात वर लाख, राळ किंवा रोगण. इजिप्तमधल्या तीन हजार वर्षांपूर्वीच्या शवपेट्या घ्या. लाकूड बरेचदा उंबराच्या भाऊबंदांपैकी एका झाडाचं, वर चुनखडी आणि सरसाचं अस्तर, मग रंग. गोव्याच्या चर्चमधल्या सतराव्या-अठराव्या शतकांतल्या संतांच्या मूर्ती घ्या. पांढऱ्या अस्तरावर बारीक लाल मातीचा हात आणि त्यावर सोन्याचा वर्ख. वर्ख झिजला की ती लाल माती दिसू लागते आणि नवशिक्याला वाटतं की कुणी मागाहून लाल रंग फासलाय. आपल्या सावंतवाडीच्या चितार आळीतलं काम घ्या. चिंचोक्याची खळ, खडू, रंग आणि शेवटी लाख. देश वेगळे, काळ वेगळे, उतरंड तीच.

या उतरंडीत सगळ्यात कच्चा दुवा मधला पांढरा थर. त्याला धरून ठेवणारा सरस पाण्याने फुगतो आणि मऊ पडतो. म्हणजे वरचा रंग धडधाकट दिसत असला तरी एखाद्या तड्यातून आत गेलेलं पाणी त्याच्या पायाखालची जमीन काढून घेतं.

दुसरं असं की लाकूड हलतं. पावसाळ्यात दार चौकटीत अडकतं ना, तसंच मूर्तीचं लाकूडही फुगतं, आणि तेही रेषेच्या आडव्या दिशेने. रेषेच्या लांबीला ते जवळजवळ हलत नाही. खडूच्या अस्तराला अशी लवचिकता नसते. लाकूड आक्रसलं की अस्तराला जागा अपुरी पडते आणि ते तंबूसारखं मधून उचललं जातं. म्हणून उकललेल्या रंगाच्या रेघा बहुतेक वेळा लाकडाच्या रेषेला समांतर दिसतात. तशा नसतील तर कारण दुसरं आहे. धक्का, उष्णता किंवा कीड.

पहिले दोन दिवस फक्त बघा

खोली अंधारी करा आणि बॅटरी वस्तूच्या अगदी कडेला, आडवी धरा. समोरून गुळगुळीत दिसणारा गरुडाचा पंख मला तिरक्या उजेडात पापड वाळत घातल्यासारखा दिसला. कडा उचललेल्या, मध्ये खोलगट. एवढा एक उजेड पाहिला असता तर फडकं फिरवायची कुणाची हिंमत झाली नसती.

सगळ्या बाजूंनी फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून. मग त्याच फोटोच्या छापील प्रतीवर रंगीत पेन्सिलींनी नकाशा करा. कुठे रंग उचललाय, कुठे गेलाय, कुठे काजळी आहे, कुठे मेणाचे वा तेलाचे ओघळ आहेत, कुठे भोकं आहेत. हे काम कंटाळवाणं आहे आणि शिकणारी मुलं तेच टाळतात. पण महिन्याभराने "ही चीर आधीपासून होती का?" असा प्रश्न येतोच, आणि तेव्हा कागदाशिवाय दुसरा साक्षीदार नसतो.

३६५ नॅनोमीटरची अतिनील बॅटरी मिळाली तर जरूर वापरा, पण योग्य चष्मा घालून. जुनी राळ हिरवट-पिवळी चमकते, लाख नारिंगी चमकते, आणि अलीकडे मारलेले रंगाचे ठिपके बहुधा काळे दिसतात. आमच्या गरुडाच्या चोचीवर असे तीन काळे ठिपके निघाले. गावात विचारल्यावर एका मानकऱ्यांनी हसत कबूल केलं की शाळेत असताना ऑइलपेंटचा तो पराक्रम त्यांचाच.

भोकं दिसली तर वस्तूखाली काळा कागद अंथरा आणि आठवडाभर तिला हलवू नका. कागदावर फिकट, ताजा भुगा पडला तर किडा आत जिवंत आहे. काही पडलं नाही तर भोकं बहुधा जुनी आहेत. एक-दोन मिलिमीटरची गोल भोकं लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांची असतात. मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी, आणि मग आधी वस्तू नव्हे, भिंत आणि जमीन तपासायची. भोकात रॉकेल सोडू नका. वाशांना लावतात ते काजूच्या टरफलाचं तेल तर मुळीच नको. वाशांसाठी ते उत्तम, पण रंगाच्या आतून ते काळं होऊन फुटतं आणि तो डाग कुणालाही काढता येत नाही. संग्रहालयांत अशी वस्तू हवाबंद पिशवीत ठेवून आतला प्राणवायू अर्ध्या टक्क्याच्याही खाली आणतात आणि साधारण तीन आठवडे तशीच ठेवतात. किडा गुदमरतो, रंगाला काही होत नाही. किडा जिवंत आहे असं दिसलं तर घरच्यांनी इथे थांबावं. वस्तू इतर लाकडापासून वेगळी, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवावी आणि जाणकाराला बोलवावं.

हातात नायट्राइलचे मोजे आणि तोंडाला मुखपट्टी हवीच. जुन्या रंगपेटीत हरताळ आणि मनशीळ म्हणजे आर्सेनिक, हिंगूळ म्हणजे पारा आणि शेंदूर म्हणजे शिसं. पोथीत चूक झाली की लेखनिक त्यावर हरताळ लावून मजकूर झाकत. "हरताळ फासणे" तिथूनच आलं. शब्द आता निरुपद्रवी झालाय, भुकटी झालेली नाही. काम करताना चहाचा कप दुसऱ्या खोलीत.

सुटतंय ते आधी धरा

सफाई आधी आणि दुरुस्ती नंतर, हा घरकामाचा क्रम. इथे तो उलटा. उचललेला रंग धरून ठेवल्याशिवाय ब्रश लावलात तर धुळीबरोबर रंगही झाडून टाकाल.

हे काम घरी करू नये. शिकणाऱ्यांनीही आधी एखाद्या फुटक्या, बेवारस पाटावर अस्तर आणि रंग चढवून, तो उन्हात तडकवून सराव करावा. रीत थोडक्यात अशी. उचललेल्या पापुद्र्यावर जपानी टिश्यूचा, म्हणजे अगदी पातळ पण चिवट कागदाचा, नखाएवढा तुकडा ठेवायचा. पापुद्र्याच्या कडेला अगदी बारीक ब्रशने मिथाइल सेल्युलोज या वनस्पतिजन्य गोंदाचं एक टक्क्याचं द्रावण टेकवायचं. ते फटीतून आपोआप आत ओढलं जातं. थोडं थांबून, पापुद्रा मऊ झाला की, वर सिलिकॉन कागद ठेवून बोटाने नव्हे तर मऊ रबरी टोकाने हलकेच दाबायचं आणि वर वाळूची छोटी पुरचुंडी ठेवायची. पाणी शत्रू आहे म्हटलं आणि इथे तेच वापरतोय, हे खरं. पण सुईच्या टोकावर मावेल इतकंच, आणि जिथे सरस पुन्हा जागा व्हायला हवा तिथेच.

जगभर यासाठी माशाच्या फुग्याचा सरसही वापरतात आणि तो गुणाने फार चांगला आहे. पण वस्तू पूजेतली असेल तर आधी विचारा. आमच्या गरुडाच्या वेळी गुरवांना मी तिन्ही पर्याय सांगितले. माशाचा, सेल्युलोजचा, आणि जपानमध्ये समुद्री शेवाळापासून करतात तो. मूळ चिताऱ्याने जनावराचा सरस वापरला असण्याची शक्यता आहे हेही सांगितलं. ते म्हणाले, त्याने काय केलं ते देवाला ठाऊक, तुम्ही झाडपाल्याचं वापरा. वापरलं.

पॅरलॉइड बी-७२ नावाचं ॲक्रिलिक पुष्कळ ठिकाणी सर्रास वापरतात. कोरड्या, भुकटी होऊन सुटणाऱ्या रंगाला तीन ते पाच टक्क्यांचं द्रावण चांगलं बसतं. पण ते बहुधा ॲसिटोनमध्ये विरघळवतात, आणि लाखेजवळ ॲसिटोन नेताना दहा वेळा विचार करा. सुतारकामाचा पांढरा गोंद तर नकोच. तो वाळताना आक्रसतो, पिवळा पडतो आणि पुढच्या माणसाला तो काढताना रंगही काढावा लागतो.

गळलेला प्रत्येक तुकडा बटर पेपरच्या पुडीत, वर जागा आणि तारीख लिहून ठेवा. तीळाएवढा असला तरी.

कोरडी सफाई

घरच्यांनी करावी ती हीच, आणि तीही तिरक्या उजेडात रंग घट्ट दिसला तरच.

शेळीच्या किंवा खारीच्या केसांचा रुंद, मऊ ब्रश घ्या. केस जिथे पत्र्यात बसवलेले असतात तो पत्रा कागदी चिकटपट्टीने गुंडाळा. ओरखडे बहुतेक वेळा केसांनी नव्हे, त्या पत्र्याने उठतात. दुसऱ्या हातात व्हॅक्युम क्लीनरची नळी. तिच्या तोंडाला मच्छरदाणीचं कापड रबरबँडने बांधलेलं, ओढ सगळ्यात कमी ठेवलेली. नळी वस्तूला लावायची नाही. चार बोटं लांब धरायची आणि ब्रशने धूळ तिच्याकडे ढकलायची. वरून खाली. मुकुट, चेहरा, खांदे, मग पाय. मध्येमध्ये जाळी तपासा. तिच्यावर रंगाचा कण दिसला तर काम बंद.

कोरीव कामाच्या खोबणीत कॅमेऱ्याचा रबरी फुगा चालतो. कॉम्प्रेसरची हवा नाही. पिसांचा झाडू नाही, एक तुटकं पीस उचललेल्या कडेत अडकलं की पापुद्रा घेऊनच येतं. फडकं कोणत्याच प्रकारचं नाही, "मायक्रोफायबर आहे हो" असं कुणी म्हटलं तरी नाही. त्याच्या तंतूंचे हूक तर जास्तच बारीक.

काजळी घट्ट बसली असेल तर व्हल्कनाइज्ड रबराचा कोरडा स्पंज मिळतो, धुराची काजळी उचलायला. तो घासायचा नाही. टेकवायचा, उचलायचा, काळी झालेली बाजू कापून टाकायची, पुन्हा टेकवायचा. गरुडाच्या छातीवरची, समईच्या ज्योतीने साचलेली काजळी अशाने निम्मी निघाली आणि आम्ही तिथेच थांबलो. उरलेली निघाली असती, पण तिच्याबरोबर लाखेची चमकही गेली असती.

ओली सफाई, म्हणजे आधी चाचणी

इथून पुढे फक्त शिकणाऱ्यांनी, आणि पहिल्यांदा शिकवणारं माणूस शेजारी असतानाच.

बांबूच्या काडीवर कापूस गुंडाळून तांदळाच्या दाण्याएवढा बोळा करा. प्रत्येक रंगाची वेगळी चाचणी घ्यायची, दिसणार नाही अशा जागी, दोन मिलिमीटरच्या ठिपक्यावर. बोळा ओला करून टिपकागदावर टेकवा, मग रंगावर फिरवा. घासू नका, लाटणं फिरतं तसा फिरवा. बोळ्यावर करडा मळ आला तर ठीक. रंग आला तर तो द्रव त्या रंगासाठी बाद. एका रंगाने परीक्षा दिली म्हणून दुसरा पास होत नाही. एकाच मूर्तीत हिंगूळ दगडासारखा घट्ट आणि शेजारची नीळ पहिल्याच स्पर्शाला सुटणारी, असं हमखास होतं.

क्रम असा ठेवा. आधी व्हाइट स्पिरिट, कारण ते सरसाला आणि डिंकाला हात लावत नाही आणि तेलकट मळ उचलतं. नावात स्पिरिट असलं तरी ते पेट्रोलियमपासून काढलेलं असतं, अल्कोहोल नव्हे. हार्डवेअरच्या दुकानात नुसतं "स्पिरिट" मागाल तर लाख उतरवणारं हातात पडेल, म्हणून प्रयोगशाळेच्या दर्जाचं, चिठ्ठी वाचून घ्या. त्याने भागलं नाही आणि रंग पाण्याला टिकतो असं चाचणीत दिसलं, तरच जेमतेम ओलसर बोळ्याने डीआयोनाइज्ड, म्हणजे क्षार काढून टाकलेलं पाणी. अल्कोहोल आणि ॲसिटोन सगळ्यात शेवटी. लाखकामावर ते नाहीतच.

परदेशी प्रयोगशाळांत शिकलेला कुणीही सांगेल की सगळ्यात गुणकारी द्रव फुकट मिळतो. स्वतःची लाळ. तिच्यातली विकरं (एन्झाइम्स) मळ सोडवतात आणि ती सौम्यही असते. चित्रांवर, शवपेट्यांवर मी स्वतः वापरली आहे. पण देवाच्या वस्तूला उष्टं लावायचं? गरुडासमोर बसून मला तो विचारही करवला नाही. त्यासाठी बाजारात मिळणारी विकरं पाण्यात मिसळून, नंतर ती पुन्हा पाण्याने टिपून घ्यावी लागतात. काम दुप्पट होतं, पण झोप लागते.

आता खोबरेल तेलाविषयी. सणाआधी मूर्तीला तेलाचा हात देणं ही प्रेमाची रीत आहे आणि मी तिच्यावर हसणार नाही. पण खोबरेल वाळत नाही. आठ दिवस मूर्ती चकाकते, मग तिच्यावर धूळ चिकटते, पुढच्या सणाला त्या धुळीवर पुन्हा तेल. पावसाळ्यात त्यावर बुरशी. जवसाचं तेल वाळतं खरं, पण काळवंडत जातं आणि घट्ट झाल्यावर निघता निघत नाही. गरुडाच्या पाठीवर अशा तेल-धुळीचा इतका जाड थर होता की पिसांचं कोरीवकाम त्याखाली बुजलं होतं. गावातल्या कुणालाही पाठीवर पिसं आहेत हे माहीत नव्हतं. तीन इंचांच्या चौकोनाला मला सव्वा दिवस लागला.

गेलेला रंग भरायचा का?

संग्रहालयात उत्तर सोपं आहे. वस्तूला आधार देण्यापुरती भरणी, आणि रंग फक्त भरणीच्या हद्दीत, पाण्याने पुन्हा काढता येईल असा. जुन्या रंगावर नव्या रंगाचा एक केसही जायला नको. इटलीत बारीक उभ्या रेघांनी रिकामी जागा भरतात. लांबून ती जागा मिटते, जवळून नवं काम ओळखू येतं. मला ती रीत आवडते.

देवळात प्रश्न वेगळा. खंडित मूर्तीची पूजा होत नाही, म्हणून अख्खी मूर्ती ऑइलपेंटने रंगवून "नवी" करण्याचा आग्रह होतो. त्यांना मी एवढंच म्हणते की कौल लावायचा तर लावा, पण निदान मूर्ती एकदा नीट पाहून, फोटो काढून घेऊ द्या. ऑइलपेंटचा हात एका दुपारी चढतो आणि तो उतरवायला वर्ष जातं, तेही उतरलाच तर. गरुडाच्या बाबतीत नशीब असं की तो वाहन होता, पूजेची मुख्य मूर्ती नव्हती. लाल गेलेली जागा आम्ही तशीच ठेवली.

हेही लक्षात असू द्या की शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावशेष ठरते. ती देशाबाहेर नेता येत नाही. सल्ला हवा असेल तर लखनऊची राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण प्रयोगशाळा आहे आणि मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा संवर्धन विभाग आहे.

जागा आणि पावसाळा

चिऱ्याची भिंत पावसात घामेजते. वस्तू भिंतीपासून वीतभर पुढे आणि जमिनीपासून वर ठेवा. समई तिच्याखाली नको. हॅलोजनचा झोत काढून एलईडी लावा. नैसर्गिक रंगांवर फार उजेड नको. पन्नास लक्स संग्रहालयात चालतो, म्हणजे डोळे सरावल्यावर दिसेल इतकाच. कपाटात डांबरगोळ्या टाकू नका, त्यांची वाफ राळ मऊ करते.

आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते, आणि कोकणात आषाढात ती त्याच्या कितीतरी वर असते. म्हणून लोक एसीची खोली देऊ करतात. नको. शंभर वर्षं दमट हवेत मुरलेलं लाकूड एका रात्रीत कोरड्या थंडीत नेलं की उभी चीर पडते. पुस्तकातला ५० टक्क्यांचा आकडा पाठ करण्यापेक्षा चढउतार मंद ठेवणं महत्त्वाचं. खिडकी उघडी, पंखा सावकाश, वस्तूवर थेट झोत नाही, आणि दोनशे-तीनशे रुपयांचा आर्द्रतामापक शेजारी. पांढरी बुरशी दिसलीच तर ओलं काही लावू नका. मुखपट्टी घालून वस्तू मोकळ्या सावलीत ठेवा, बुरशी वाळू द्या आणि मग ब्रश आणि व्हॅक्युम.

शेवटी वही. तारीख, हवा, कुठल्या जागी काय लावलं, किती टक्के, कुणी लावलं. गरुडाची वही आता देवळातच आहे, गुरवांच्या फडताळात. तिच्यात पहिल्या पानावर ते लाल फडकं एका पिशवीत चिकटवलंय. मिरवणुकीआधी गरुडाला पंखांना धरून उचलायचं नाही, बैठकीखाली दोन्ही हात घालूनच उचलायचं, हे त्यांनी स्वतः मोठ्या अक्षरांत लिहिलंय. आणि दर भाद्रपदात काळा कागद.